तीन सत्ते

सोसायटीच्या गणपतीचे फोटो ठेवायला मी भाड्याने सर्व्हर घेतला, तेव्हा भाचीने बजावलं, "मामा, पासवर्डने आत जायचं नाही. एसएसएचच्या किल्ल्या करा."

मी आधी इतिहास वाचला. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी लोकांचे पासवर्ड टिपत होतं. त्यावर तातू यलोनेन या संशोधकाने एसएसएच लिहिलं आणि एफटीपीचा २१ व टेलनेटचा २३ यांच्यामधला २२ नंबरचा पोर्ट मागून घेतला. हे सगळं मला पाठ झालं. आज्ञा मात्र एकही नाही.

एसएसएच-कीजेन चालवलं. त्यात पासफ्रेज टाइप करताना पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही. मी कीबोर्ड उलटा करून झटकला, चिवडा पडला. मग दोन फाइली तयार झाल्या. "शेवटी 'पब' असलेली पाठवा, मी सर्व्हरवर चढवते," भाची म्हणाली. मी दुसरी पाठवली.

"अहो मामा, ही खाजगी किल्ली! ही कुणालाच द्यायची नसते. मलासुद्धा."

"तू काय परकी आहेस का?"

ती जोडी मोडीत काढली. नवी चालली, आणि मी तेवढ्याच उत्साहात पासवर्डचा रस्ता बंद करून टाकला.

सेक्रेटरींना वेगळं खातं दिलं होतं. त्यांना माझ्या फोल्डरमध्ये फोटो टाकता येईनात. आता वर्गणी काढणाऱ्या माणसाला 'परवानगी नाही' कसं म्हणायचं? चमॉड ७७७ केलं की सगळ्यांना सगळं खुलं होतं, असं ऐकून होतो. मी आख्ख्या होम डिरेक्टरीवर तीन सत्ते मारले. असं काही केल्यावर आधीची खिडकी उघडी ठेवायची आणि दुसरीतून आत येऊन बघायचं, हे भाचीने दोनदा सांगितलं होतं. मी 'एक्झिट' टाइप करून चहा टाकला.

संध्याकाळी माझ्याच किल्लीला उत्तर आलं: परमिशन डिनाइड. का, ते नाही. बाहेरच्याला कारण सांगायचं नाही, हा सर्व्हरचा शिरस्ता. कारण आतल्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं, आणि लॉग वाचायला आत असावं लागतं. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिलो. जणू माझी चिकाटी पाहून तो विरघळेल.

शेवटी भाची भाड्याच्या खात्यातल्या वेब कन्सोलवरून आत शिरली. लॉगमध्ये स्पष्ट होतं: डिरेक्टरीचे मोड वाईट. जिथे कुणीही काहीही लिहू शकतं, तिथली किल्ल्यांची यादीही कुणी बदललेली असू शकते. म्हणून सर्व्हर ती मानतच नाही. म्हणजे मी जितकं दार उघडलं, तितकं त्याने लावून घेतलं. तिने होमला ७५५, एसएसएचच्या फोल्डरला ७००, यादीला ६०० दिले आणि सेक्रेटरींसाठी वेगळं फोल्डर केलं.

लॉग खाली सरकत होता. जगभरातून कोण कोण 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशा नावांनी दार ठोठावून गेलं होतं. आमच्या उकडीच्या मोदकांच्या फोटोंसाठी!

"हा बघा मामा, संध्याकाळभर एकाच पत्त्यावरून चाललंय. महाचिवट दिसतोय. कायमचा ब्लॉक करू?"

"नको," मी म्हटलं. "तो मी आहे."