डार्सीला तळ्यात उतरवणारी बाई

'लॉस्ट इन ऑस्टेन' ही मालिका इंग्लंडात आयटीव्हीवर २००८ साली आली. भाग अवघे चार. आपल्याकडे चार भागांत साखरपुड्याच्या साड्यासुद्धा नेसून होत नाहीत. तेवढ्यात या लोकांनी जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' पार उलटीपालटी करून टाकली.

हॅमरस्मिथला राहणाऱ्या अमांडा प्राइसच्या बाथरूममध्ये एके दिवशी साक्षात त्या कादंबरीची नायिका एलिझाबेथ बेनेट अवतरते. भिंतीतल्या दारातून अमांडा बेनेटांच्या घरी पोचते, एलिझाबेथ लंडनात राहते आणि दार बंद होतं. आमच्या बाथरूमच्या भिंतीतून आजवर फक्त वरच्या मजल्याचं पाणी आलंय, त्यामुळे मला अमांडाचा हेवाच वाटला.

अमांडाला कादंबरी तोंडपाठ. कुणाचं कुणाशी जमायचं, सगळं ठाऊक. तिथेच घात होतो. बिंग्ली एलिझाबेथच्या थोरल्या बहिणीला, जेनला सोडून हिच्यावरच भाळतो. ही त्याला जेनकडे ढकलत बसते आणि तेवढ्यात जेन चक्क कॉलिन्स नावाच्या रटाळ पाद्र्याशी लग्न करून मोकळी! कॉलिन्सशी! वाचकांनी १८१३पासून ज्याला लफंगा ठरवून ठेवलंय तो विकमही इथे सज्जन निघतो. ऑस्टेनबाईंनी आपल्या माणसांना गैरसमज करून घ्यायला चांगलं वर्षभर दिलं होतं. अमांडाला तेवढा धीर कुठला? कादंबरीवर जिवापाड प्रेम करणाऱ्या माणसाला त्या कादंबरीत पाऊलच टाकू देऊ नये, असं माझं मत झालंय.

शेजारी सासूबाई होत्या. दूरदर्शनवर १९८५ साली याच कादंबरीवरून आलेली 'तृष्णा' त्यांनी पाहिलेली, त्यामुळे त्या अधिकारवाणीने बघत होत्या. मिसेस बेनेट पडद्यावर आली की मला हसू यायचं, त्यांना नाही. "हसतेस काय? पाच मुली उजवायच्या, घर जाणार त्या कॉलिन्सच्या घशात, आणि नवरा पुस्तकं वाचत बसलाय. तिने ओरडायचं नाही तर काय करायचं?" यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

मग ते तळं. याच कादंबरीवरच्या बीबीसीच्या १९९५च्या मालिकेत कॉलिन फर्थचा डार्सी, म्हणजे कादंबरीचा नायक, ओल्या सदऱ्यानिशी समोर येतो. कादंबरीत असलं काही नाही, पण निम्मं जग तेवढंच लक्षात ठेवून आहे. अमांडा खऱ्याखुऱ्या डार्सीलाच गळ घालते, एकदा उतर ना पाण्यात! आणि तो उतरतो! वर्षाला दहा हजार पौंडांचा धनी, सगळ्या गावाला नाक मुरडणारा, निमूट पाण्यात. मी भान हरपून बघत होते. "सर्दी होईल त्याला," सासूबाई म्हणाल्या.

शेवटी अमांडा डार्सीकडेच राहते आणि एलिझाबेथ एकविसाव्या शतकात. सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. "ते सगळं ठीक. पण त्या उरलेल्या बहिणींचं, मेरीचं आणि किटीचं कुणी बघतंय का?"

मालिकेला तेवढी सवड नव्हती. पण ऑस्टेनबाईंनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं, किटीला पुढे एक पाद्री मिळाला आणि मेरीला तिच्या वकील काकांच्या कचेरीतला एक कारकून. तसं मी सांगितलं.

"कारकून चालेल," सासूबाई म्हणाल्या. "नोकरीत कायम आहे का, तेवढं बघ."