तक्तेकाका जहाज निवडतात

घरात नवा मिक्सर आणायचं ठरलं की काही माणसं दुकानात जातात आणि काही माणसं एक्सेल उघडतात. या दुसऱ्या जमातीला तक्तेकाका म्हणायला हरकत नाही. ठाणे, डोंबिवली, कोथरूड, नाशिकची कॉलेज रोडची बाजू, झालंच तर न्यू जर्सी, असा त्यांचा आढळ आहे. वय साठीच्या पुढेमागे. निवृत्ती राष्ट्रीयीकृत बँकेतून किंवा वीज मंडळातून. चष्मे दोन: एक पेपर वाचायला, दुसरा बारीक अक्षरातल्या अटी वाचायला. हे गृहस्थ तुम्हाला कधीही ‘अमुक घ्या’ असं सांगत नाहीत. ‘तुमची गरज काय, त्यावर आहे’ असं म्हणून ते खुर्ची पुढे ओढतात, आणि मग तुमचा रविवार संपतो.

आपल्यापुढचा नमुना डोंबिवली पूर्वेचा, बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेला. गोष्ट 2023 सालची. बंगळुरूच्या मुलानं आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला क्रूझ द्यायचं ठरवलं आणि फोनवर एक वाक्य जास्त बोलला: “सिंगापूरहून दोन मोठी जहाजं सुटतात. कुठलं ते तुम्हीच बघा.”

ते ‘तुम्हीच बघा’ त्याला चांगलंच भोवलं.

तसं घरच्या बंदरातही एक जहाज होतंच. मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करणारं ‘एम्प्रेस’. काकांनी त्याची कुंडली काढली तेव्हा ते 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेलं निघालं. “म्हणजे मी क्लार्कचा ऑफिसर झालो त्या साली,” काका म्हणाले आणि त्यांनी ते बाद केलं. स्वतःच्या गुडघ्यांवरून त्यांनी जहाजाच्या सांध्यांचा अंदाज बांधला असावा. उरली दोन. एक ‘गेंटिंग ड्रीम’, 2016 चं. दुसरं रॉयल कॅरिबियनचं ‘स्पेक्ट्रम ऑफ द सीज’, 2019 चं, त्या काळात सिंगापूरला मुक्काम ठोकून असलेलं. एक्सेलमध्ये दोन उभे रकाने पडले. आडव्या ओळींची संख्या मात्र सुरुवातीला अकरा होती आणि गणपतीपर्यंत ती स्क्रीनच्या खाली उतरली.

पहिली ओळ होती वजनाची. एक दीड लाख टन, दुसरं त्याहून एकोणीस हजार जास्त. हे त्यांनी बिल्डिंगच्या कट्ट्यावर सांगितलं तेव्हा कुणी तरी सहज विचारलं, एवढ्या वजनाचं तरंगतं कसं? झालं. काका घरी गेले, आणि तीन रात्री जागून त्यांनी शोध लावला की ते वजन नव्हेच. जाहिरातीतला ‘ग्रॉस टनेज’ हा आकारमानाचा आकडा असतो. जहाजातल्या सगळ्या बंदिस्त जागेचं घनफळ काढायचं आणि 1969 च्या आंतरराष्ट्रीय करारात दिलेल्या सूत्रात घालायचं. त्या सूत्रात चक्क लॉगॅरिदम आहे. नियम लागू झाला 1982 मध्ये. त्याआधीचा ‘रजिस्टर टन’ म्हणजे शंभर घनफूट जागा. टायटॅनिकचा 46,328 हा आकडा त्या जुन्या मोजणीतला. तेव्हापासून कुणी “टायटॅनिकच्या चौपट जड आहे म्हणे” असं बोललं की काका डोळे मिटून घेतात. त्यांच्या दृष्टीनं हे सोसायटीच्या सभेत कार्पेट आणि बिल्टअपची गफलत करण्याइतकं हीन आहे.

जागा कळली, मग डोक्यामागे जागा किती, हे आलंच. क्रूझवाल्या मंडळींत त्यासाठी सरळ भागाकार करतात. ग्रॉस टनेजला प्रवाशांच्या संख्येनं भागायचं, केबिनमागे दोन माणसं धरून. गेंटिंग ड्रीम 1,50,695 भागिले 3,352, म्हणजे जवळपास 45. स्पेक्ट्रम 1,69,379 भागिले 4,246, म्हणजे 40 ला जरा कमी. मोठ्या जहाजात माणशी जागा कमी! काकांना या निकालानं असा आनंद झाला की त्यांनी मुलाला ऑफिसच्या वेळेत फोन केला. पण खरी कर्ज विभागाची नजर पुढेच दिसली. ‘केबिनमागे दोन’ हे सुट्टीत खरं नसतं, हे त्यांच्या लक्षात आलं. शाळांना सुट्टी लागली की सोफा उघडतो, वरचा बंक खाली येतो आणि त्या खोलीत आईबाप आणि दोन पोरं झोपतात. स्पेक्ट्रममध्ये सगळ्या खाटा भरल्या तर माणसं होतात 5,622. भागाकार 30 वर येतो. तेव्हा दिवाळीची सुट्टी नको, असं ठरलं. वरवर चक्रम वाटणाऱ्या या माणसाचा हा निष्कर्ष शंभर टक्के बरोबर होता, हे मान्य करायलाच हवं. कुठल्याही ट्रॅव्हल एजंटानं तो त्यांना आपणहून सांगितला नसता.

गंमत एवढीच की हा गृहस्थ पस्तीस वर्षं सकाळच्या 8.12 नं व्ही.टी.ला गेला. ज्या गर्दीला रेल्वेनं स्वतःच्या कागदपत्रांत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव दिलं आहे, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं, त्या गर्दीत त्यानं शब्दकोडी सोडवली. आणि आता तो माणशी पाच टन जागेसाठी अडून बसला होता.

ऋषिपंचमीच्या सुमारास तक्त्यात एक पेच आला. दोन्ही जहाजं कुणी बांधली, या ओळीत दोन्हीकडे एकच नाव पडलं: मायर वेर्फ्ट, पापेनबुर्ग, जर्मनी. काकांना आधी आपलंच कॉपी-पेस्ट चुकलं असं वाटलं. मग कळलं की खरंच, दोघी एकाच माहेरच्या. आणि हे माहेर समुद्रावर नाहीच! आत, एम्स नावाच्या नदीकाठी, पार शेतांच्या मधे. समुद्र तिथून पस्तीस-छत्तीस किलोमीटर लांब. जहाज तयार झालं की खाली धरणाचे दरवाजे लावून नदीचं पाणी चढवतात आणि ते धूड टगबोटींच्या आधारानं, उलटं, शेपटी पुढे करून, समुद्राकडे नेतात. तसं ते जास्त नीट वळवता येतं म्हणे. काठावर हजारो लोक जमतात. याचा व्हिडिओ काका-काकूंनी रात्री जेवताना पाहिला. कुरणात चरणाऱ्या गाईंच्या मागून अठरा मजली इमारत पाठमोरी सरकत होती.

“ही आपली का?” काकूंनी विचारलं.

“अगं, दोन्ही अशीच जातात.”

“मग झालं तर. दोन्ही एकच. करा बुकिंग.”

काकांनी व्हिडिओ बंद केला. बायकोला तौलनिक अभ्यासाची शिस्त नाही, हे त्यांचं जुनं दुःख आहे. काकूंचा स्वतःचा तक्ता एका ओळीचा होता. गेंटिंग ड्रीमच्या अंगावर जॅकी त्साय नावाच्या चित्रकारानं जलपरी आणि अंतराळवीर यांच्या प्रेमाचं अवाढव्य चित्र रंगवलं आहे. “ते चित्राचं जहाज छान आहे,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या, तेही पहिल्याच दिवशी.

करमणुकीच्या ओळींत तर काकांचा निःपक्षपातीपणा पराकोटीला पोचला. स्पेक्ट्रमवर ‘नॉर्थ स्टार’ नावाची काचेची कुपी आहे. क्रेनसारखा हात तिला समुद्रापासून तीनशे फुटांवर नेऊन धरतो. दहापैकी नऊ. उभ्या बोगद्यात वाऱ्याच्या झोतावर तरंगण्याची सोय आहे. आठ. लाटांवर घसरायचं यंत्र, आठ. गेंटिंग ड्रीमवर पाण्याच्या सहा घसरगुंड्या आणि दोरावरून लोंबकळत समुद्रावरून जायची झिपलाइन. साडेसात. हे गुण देणाऱ्याच्या डाव्या गुडघ्याला गेल्याच वर्षी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं होतं, आणि एस्सेल वर्ल्डमध्ये ते नातेवाइकांच्या पिशव्या सांभाळत बाकावर बसत असत. पण परीक्षकानं स्वतः पळायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

केबिनचं प्रकरण वेगळंच रंगलं. खिडकीची की बिनखिडकीची? स्पेक्ट्रमच्या आतल्या खोल्यांत ‘व्हर्च्युअल बाल्कनी’ असते, म्हणजे भिंतीवर उभा पडदा आणि त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्यातला त्या क्षणीचा समुद्र. पैसे कमी, समुद्र तोच, वारा शून्य. काकांच्या हिशेबाला ही कल्पना पटली. काकूंनी मात्र “समुद्र टीव्हीवरच बघायचा तर डोंबिवलीत आहेच की,” असं म्हटल्यावर ती ओळ लाल रंगात गेली. मग आलं हेलकाव्यांचं शास्त्र. जहाजाच्या मधोमध आणि शक्य तितक्या खाली असलेल्या खोलीत डोलणं कमी. पोहण्याच्या तलावाखालची खोली घेऊ नये. पहाटे खुर्च्या सरकवल्याचे आवाज डोक्यावर. थिएटरवरची घेऊ नये. वरखाली दोन्हीकडे खोल्याच असलेली खोली उत्तम. हा सल्ला पदरी बांधण्यासारखा आहे.

बोट लागेल का, हा प्रश्न कागदावर सुटणारा नव्हता. तेव्हा काकांनी काकूंना भाऊच्या धक्क्यावर नेऊन मांडव्याच्या रो-रोनं नेलं आणि आणलं. वाऱ्याचा ताशी वेग त्यांनी फोनवरून टिपला होता. काकूंनी वरच्या डेकवर वडापाव खाल्ला. काकांना परतीच्या वाटेवर जरा मळमळलं. त्यांनी ते तक्त्यात ‘प्रवासी क्र. 2 : सौम्य’ असं नोंदवलं, क्रमांक 1 आपला असताना.

काकांच्या आईला, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, हा सगळा खटाटोप कळेचना. त्या वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या त्या ह्याच धक्क्यावर, कोकण किनाऱ्याच्या आगबोटीनं. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत ती बोट पणजीपर्यंत जाई, आणि पावसाळ्यात बंद. बऱ्याच बंदरांत ती बाहेरच नांगर टाकी. किनाऱ्यावरून पडावानं जायचं आणि लाटेचा अंदाज घेत शिडी धरायची. डेकवर ज्याची वळकटी आधी पसरली त्याची जागा. “आमच्यावेळी बोट लागायची, ती सगळ्यांनाच लागायची,” आजी म्हणाल्या. “लिंबू ठेवायचं जवळ.” काकांनी आईच्या म्हणण्याला कधी विरोध केला नाही. त्यांनी ‘लिंबू’ ही ओळ घातली आणि जहाजावर कापलेली फळं नेऊ देतात का, याची चौकशी एजंटाकडे केली.

एजंट हा या कथेतला खरा साधुपुरुष. त्यानं काकांचे प्रश्न ऐकून घेतले. टिप्स धरून भाडं आहे की त्या वेगळ्या? (वेगळ्या, दर माणशी, दर दिवशी.) पेयांचं पॅकेज एकानं घेतलं तर खोलीतल्या दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, हे खरं का? जहाज मलेशियाला जाऊन पुन्हा सिंगापूरला येणार, मग सिंगापूरचा व्हिसा एकाहून जास्त वेळा शिरायचा हवा ना? इथं एजंट सावरून बसला, कारण हे विसरणारी गिऱ्हाइकं त्यानं पाहिली होती. मग काकांनी ठेवणीतला बाण काढला. गेंटिंग ड्रीमची जुनी मालक कंपनी, गेंटिंग हाँगकाँग, जानेवारी 2022 मध्ये गुंडाळण्याच्या अर्जापर्यंत गेली होती. त्याच वर्षी जूनमध्ये तेच जहाज ‘रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस’ या नव्या नावाखाली सिंगापूरहून सुटू लागलं. “म्हणजे तारण चांगलं, कर्जदार बुडाला,” काका म्हणाले. चेहऱ्यावर असं वात्सल्य होतं, जणू जुनं एनपीए खातं वसूल होऊन समोर उभं राहिलं.

शेवटी बेरीज आली 412 आणि 409. स्पेक्ट्रम तीन गुणांनी पुढे. काका दोन दिवस गप्प होते. तीन गुण हा फरक म्हणायचा की मोजणीतली ढिलाई? त्यांनी ‘झिपलाइन’चा अर्धा गुण वाढवून पाहिला, पुन्हा कमी केला. तिसऱ्या दिवशी काकूंच्या भिशीतल्या सहाजणींनी गेंटिंग ड्रीमचं ग्रुप बुकिंग केलं. त्यात शहाबाई होत्या, म्हणजे जैन जेवणाची खात्री त्यांनी आधीच करून घेतलेली. काकूंनी मुलाला फोन करून आपली दोन नावं त्यात घालायला सांगितली. काकांना हे संध्याकाळी कळलं. त्यांनी निषेध म्हणून एक नवी फाइल उघडली: आठवा मजला की नववा.

जहाजावर ते सुखात होते, हे नमूद करायला हवं. आपत्कालीन सरावाला ते सगळ्यांत आधी हजर. 2012 च्या कोस्टा कॉन्कॉर्डियाच्या अपघातानंतर हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यायचा नियम झाला, हे त्यांनी शेजारच्या इंडोनेशियन कुटुंबाला खुणांनी समजावलं. खोलीची लांबीरुंदी टेपनं घेतली. लाइफबोटी मोजल्या.

दुसऱ्या रात्री जेवणाच्या टेबलावर वाढायला आलेला मुलगा मडगावचा निघाला. गोव्यातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर कामाला जातात, तसाच तोही. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवरही त्यानं दोन कंत्राटं काढली होती. काकांनी चमचा खाली ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना दोन्ही रकान्यांत प्रत्यक्ष राहिलेला माणूस भेटला होता.

“खरं सांग हं बाबा. दोन्हींत चांगलं कुठलं?”

मुलगा विचारात पडला. “काका, आमच्या खोल्या सगळ्यांत खाली. एका खोलीत दोघं, खिडकी नाही. तिथनं बघितलं तर…” तो हसला. “तुम्हाला डाळ कुठली आणू? पिवळी की काळी?”

“दोन्हींत फरक काय?” काकांनी विचारलं आणि खिशातला दुसरा चष्मा काढला.

“पिवळी आण रे,” काकू म्हणाल्या. “दोघांनाही.”