अपडेट फेल झाले असता : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका घरच्या संगणकासाठी आहे. म्हणजे ज्यावर वीजबिल भरले जाते, मुलांचे प्रोजेक्ट छापले जातात आणि रविवारी आजीचा परदेशातल्या नातवाशी व्हिडिओ कॉल होतो, त्या हॉलमधल्या सामायिक विंडोज यंत्रासाठी. ऑफिसचा लॅपटॉप वापरणाऱ्यांनी पुढे वाचू नये. त्यांच्या कंपनीने या दुःखासाठी वेगळी माणसे पगारावर ठेवलेली असतात.

आधी मुहूर्त. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट सोडते. ही वहिवाट २००३ पासूनची. तिकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे संगणक मंगळवारी झोपताना धडधाकट असतो आणि बुधवारी 'काल कोणी हात लावला होता?' ही चौकशी सुरू होते. मंगळवारी नवे काम हाती न घेणाऱ्या घरांसाठी सेटिंग्जमध्ये 'पॉज'ची सोय आहे. ती पाच आठवडे पुरते, पुढे वार बघितला जात नाही.

पायरी पहिली : हात मागे बांधून बसावे

सगळ्यांत अवघड पायरी हीच. टक्के चढत चढत तिसावर येतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. घरातला प्रत्येक जण खुर्चीमागून जाता जाता 'बंद करून चालू कर' एवढे सांगून जातो. हा सल्ला मोडेम, सेट-टॉप बॉक्स आणि क्वचित गीझरला लागू पडतो. 'डोन्ट टर्न ऑफ युअर कॉम्प्युटर' असे समोर लिहिलेले असताना तो पाळू नये. पडद्यावरचे टक्के घड्याळाने चालत नाहीत. पहिले तीस पाच मिनिटांत होतात आणि पुढचे दहा तासभर घेतात, विशेषतः जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर. पेटीवरचा छोटा दिवा लुकलुकत असेल तोवर आत काम चालले आहे असे समजावे आणि भाजी निवडायला घ्यावी. तीन-चार तास झाले, दिवाही निपचित आहे, तरच बटण दाबून धरावे.

वीज जाणाऱ्या गावांत अपडेट सुरू करण्याआधी यूपीएसची बॅटरी कधी बदलली ते आठवावे. आठवत नसेल तर ती गेलेली आहे.

बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू केले की बहुधा 'अनडूइंग चेंजेस' असे शब्द उमटतात. घाबरू नये. केलेले सगळे उलटे करून यंत्र कालच्या जागी परत जात असते, आणि हे काम ते अपडेट बसवण्यापेक्षा जास्त मन लावून करते.

पायरी दुसरी : कोड नीट उतरवून घ्यावा

सेटिंग्जमध्ये अपडेटच्या यादीत लाल अक्षरांत एक कोड दिसतो. मोबाइलने त्याचा फोटो काढावा. दुधाच्या हिशेबाखाली पेनाने लिहिलेल्या कोडमधले शून्य आणि ओ पुढे कोणालाच ओळखता येत नाहीत.

कोड वाचायची एक रीत आहे, ती कळली की निम्मी भीती जाते. ०एक्स हे नुसते तोंडदेखले. त्यापुढचे चार अंक हे आडनाव आणि शेवटचे चार हे नाव. ८०२४ आडनावाची मंडळी अपडेट आणणाऱ्या यंत्रणेच्या घरातली. त्यातल्या बऱ्याच जणांचे भांडण इंटरनेटशी असते. ८००एफ वाले म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सुट्या भागांत मोडतोड. ८००७ हे मात्र आपल्याकडच्या पाटलांसारखे, सर्वत्र. हा विंडोजचा जुना सर्वसाधारण तक्रारखाना. त्यात नाव पाहावे लागते. ००७० असेल तर डिस्क भरली. ००२० म्हणजे हवी ती फाइल दुसऱ्याच प्रोग्रॅमने धरून ठेवली आहे, बहुतेक वेळा अँटिव्हायरसने. ०००५ म्हणजे परवानगी नाही. आणि ०६४३ म्हणजे 'बसवताना काहीतरी बिनसले', जे आपल्याला कोडशिवायही दिसत होते. या शेवटच्याबद्दल पुढे बोलू, तो प्रकार वेगळा आहे.

पायरी तिसरी : दोन फुकटचे उपाय

जागा बघावी. सी ड्राइव्हची पट्टी लाल असेल तर पुढचे सगळे वाचन व्यर्थ. मोठ्या अपडेटसाठी वीसेक जीबी मोकळी असलेली बरी. ती कुठून आणायची हे विचारू नये. डाउनलोड्सचा फोल्डर उघडावा. एकाच वीजबिलाच्या सात प्रती, प्रत्येकीपुढे कंसात अनुक्रमांक, आणि खाली पुतण्याच्या मुंजीचे अख्खे शूटिंग. सेटिंग्जच्या स्टोरेजमध्ये 'टेंपररी फाइल्स' अशी यादी मिळते, तिथली साफसफाई बिनधोक. फक्त त्याच यादीत 'डाउनलोड्स' नावाची एक चौकटही असते. तिच्यावर टिचकी मारली तर मुंजही जाते.

मग तारीख बघावी. हसू नये. जुना संगणक सुरू केल्यावर अनेक वर्षांपूर्वीची १ जानेवारी दाखवत असेल, तर त्याच्या लेखी मायक्रोसॉफ्टची आजची प्रमाणपत्रे अजून जन्मालाच आलेली नाहीत, मग तो त्या सर्व्हरवर विश्वास कसा ठेवणार? दोष मदरबोर्डवरच्या गोल सेलचा असतो. सीआर २०३२ असे त्यावर कोरलेले असते आणि तो कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे मिळतो.

पायरी चौथी : भाच्याला फोन

प्रत्येक मराठी कुटुंबात आयटीतला एक भाचा असतो. तो सहसा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असतो. भाचा प्रत्यक्षात टेस्टिंग करतो की अकाउंट्स सांभाळतो याचा विचार करू नये. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडावा, फोन स्पीकरवर टाकावा आणि तो सांगेल ते टाइप करावे. नमुन्यादाखल संवाद :

'मामा, टाइप कर, डी आय एस एम.'

'झालं.'

'आता स्पेस. मग स्लॅश, ऑनलाइन.'

'कुठला स्लॅश? इथे दोन आहेत.'

'प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा.'

'तो दाबला की प्रश्नचिन्ह येतंय.'

'शिफ्ट सोड, मामा.'

पुढे स्पेस, स्लॅश, क्लीनअप, आडवी रेघ, इमेज, पुन्हा स्पेस, स्लॅश, रिस्टोअरहेल्थ. शेवटचे दोन शब्द जोडून लिहायचे असतात, हे भाचा एंटर मारल्यावर सांगतो. ही कमांड विंडोजच्या सुट्या भागांचे कोठार तपासून दुरुस्त करते. आकडा ६२.३ वर जाऊन खिळला तर पहिली पायरी पुन्हा वाचावी. कमांड संपली की एसएफसी, स्पेस, स्लॅश, स्कॅननाऊ. क्रम उलटा करू नये. ही दुसरी कमांड पहिलीने नीट केलेल्या कोठारातूनच भाग उचलते.

यातली गंमत भाचा सांगत नाही. नादुरुस्त अपडेट नीट करण्यासाठी लागणारे भाग ही पहिली कमांड मागवते कुठून? विंडोज अपडेटकडूनच. ते चालत असते तर आपण एव्हाना झोपलो असतो.

एवढ्यावर भागले नाही तर एक जालीम पण साधा उपाय आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यांत जास्त वेळा लागू पडतो. 'सर्व्हिसेस' उघडून विंडोज अपडेट आणि बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर या दोन सेवा थांबवाव्यात. मग विंडोज फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन' या फोल्डरच्या नावापुढे 'ओल्ड' जोडून यंत्र रिस्टार्ट करावे. उतरवताना अर्धवट किंवा खराब राहिलेल्या फाइली तिथे साचलेल्या असतात. विंडोज नवा फोल्डर तयार करते आणि सगळे पहिल्यापासून मागवते. अपडेटचा जुना इतिहास मात्र यादीतून पुसला जातो, तेवढे सोसावे.

पायरी पाचवी : चूक आपली नसल्यास

आता तो ०६४३. ९ जानेवारी २०२४ रोजी, अर्थातच दुसऱ्या मंगळवारी, विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे अपडेट आले. बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करणाऱ्या सोयीचे, कुलूप चुकवण्याची एक फट बुजवण्यासाठी ते होते. त्याला डिस्कच्या रिकव्हरी विभागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. असंख्य घरगुती संगणकांवर तो विभागच चिंचोळा; तो आखला विंडोजच्या इन्स्टॉलरने, मामांनी नव्हे. 'जागा कमी आहे' असे सांगायचे सोडून ते अपडेट ०एक्स८००७०६४३ दाखवत राहिले. कोड चुकीचा दिसतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहून ठेवले आणि उपाय म्हणून डिस्कचे विभाग कमांडने कापून पुन्हा जोडण्याची कृती दिली. आपोआप चालणारा इलाज येणार नाही, हेही काही महिन्यांनी जाहीर केले. ज्यांनी बिटलॉकर कधी वापरलेच नव्हते, तेही महिनोन्‌महिने 'रिट्राय' दाबत बसले.

अशा वेळी नवशिक्याने काय करावे? काही नाही. फोटोंनी भरलेल्या डिस्कचे विभाग कापण्याची कृती ही नवशिक्याची नव्हेच. ती देणाऱ्यांनाच ती करायला लावली पाहिजे. कोड आणि केबीचा आकडा शोधून पाहावा. जगभर तीच बोंब असेल तर यंत्र बंद करून जेवायला बसावे. बाकीची अपडेट येत राहतात, एक अडले म्हणून संगणक अडत नाही.

इतर सूचना

अडलेल्या अपडेटचा कोड शोधताना पडद्यावर भोंगा वाजू लागला आणि 'मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा' असे आले, तर फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या चूक दाखवणाऱ्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. पलीकडचा गोड आवाजाचा माणूस स्क्रीन बघायचे ॲप टाकायला लावेल आणि पुढची दुरुस्ती बँकेच्या खात्यात करेल.

फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी, आणि ती डिस्क अपडेटच्या वेळी जोडलेली नसावी. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चे एक मोठे अपडेट आले, ते व्यवस्थित बसले आणि काही लोकांच्या 'डॉक्युमेंट्स'मधल्या फाइली घेऊन गेले. मायक्रोसॉफ्टने ते चार दिवसांत थांबवले आणि नोव्हेंबरात दुरुस्त करून पुन्हा सोडले. 'यशस्वी' शब्द दिसला तरी फोल्डर उघडून बघावेत.

आणि तुमच्या संगणकावर अजून विंडोज १० असेल तर ही सगळी पाने क्षणभर बाजूला ठेवा. त्याची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तोही दुसरा मंगळवारच होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग आणि बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो, म्हणून २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रे त्यात बसत नाहीत. मुदतवाढीची नोंदणी केली असेल तर सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तुमची नोंदणी झाली आहे का, ते सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर आजच बघा. नसेल झाली, तर निदान बँकेचे व्यवहार त्या यंत्रावर करू नका.