मुंबईची पैसेवारी

ज्या नगरीत बोरिवलीहून निघालेला मनुष्य कुलाब्यास पोहोचेपर्यंत निघण्याचे प्रयोजनच विसरतो, ती सबंध नगरी सकाळी आठ ते रात्री नऊ एवढ्या मुदतीत, दुपारचे भोजन वगळून परंतु वाहनतळाचे शुल्क धरून, दाखवून देण्याची लेखी हमी घेणाऱ्या ‘मुंबई दर्शन’वाल्या मंडळींविषयी माझ्या मनात पूर्वीपासूनच नितांत आदर आहे. परवा माण तालुक्यातील एक सेवानिवृत्त तलाठी सपत्नीक आमच्याकडे उतरले असता, पाहुण्यांना स्वतः न हिंडविता बसमध्ये बसवून देणे हा जो मुंबईकराचा कुलधर्म, तो पार पाडण्यास मी दादरला गेलो आणि एक आसन रिकामे आहे, या क्षुल्लक कारणास्तव मलाही आत ओढण्यात आले.

भाऊसाहेबांचा (तलाठ्यास दुसऱ्या नावाने हाक मारण्याची वहिवाट आमच्याकडे नाही) उभा जन्म पीकपाहणीत गेलेला. पीक प्रत्यक्ष पाहावयाचे तर बांधावर उतरावे लागते, ढेकळे तुडवावी लागतात आणि खातेदाराचे गाऱ्हाणे ऐकून घ्यावे लागते. हे सर्व टाळून चावडीच्या ओट्यावरूनच शिवाराचा अदमास बांधण्याची आणि त्या अदमासावर गावाची पैसेवारी ठरविण्याची जी एक पुरातन महसुली विद्या आहे, तिच्यात ते निष्णात होते. पैसेवारी पन्नासच्या आत आली की दुष्काळ, वर गेली की सुकाळ. खातेदाराच्या कणगीशी या शास्त्राचा थेट संबंध नसतो. त्यामुळे न उतरता, काचेआडून, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबून शहर पाहणे हा प्रकार त्यांना मुळीच परका वाटला नाही. त्यांनी वही काढून रकाने आखले आणि सर्व स्थळांची रीतसर पैसेवारी लावण्याचा मनोदय जाहीर केला.

पहिले ठाणे अर्थातच गेटवे ऑफ इंडिया. पंचम जॉर्ज बादशहा आणि राणी मेरी यांच्या स्वागतार्थ ही कमान उभारण्यात आली, असे मार्गदर्शकाने ध्वनिक्षेपकातून सांगताच भाऊसाहेबांनी, कोनशिला केव्हाची आणि उद्घाटन केव्हाचे, अशी सरकारी विचारणा केली. कोनशिला ३१ मार्च १९११ची. बादशहा उतरले ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात. त्या वेळी स्वागतास हजर होती ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. जॉर्ज विटेट यांचा अंतिम आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन झाले ४ डिसेंबर १९२४ रोजी. हा तपशील ऐकताना भाऊसाहेबांच्या मुद्रेवर आप्तस्वकीय भेटल्याचा आनंद पसरत गेला. ‘आमच्याकडच्या पुलाचं हेच झालं बघा,’ ते म्हणाले, ‘मंत्री येऊन गेले, पूल मागाहून आला.’ पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन याच कमानीखालून मायदेशी रवाना झाली, असे कळल्यावर, येणाऱ्याच्या वेळेस जी तयार नव्हती ती जाणाऱ्याच्या वेळेस तरी उपयोगी पडली, एवढ्यावर त्यांनी तिला सत्तर पैसे दिले.

काळा घोडा या ठिकाणी मात्र मामला किचकट झाला. अल्बर्ट ससून यांनी १८७९ साली शहरास अर्पण केलेला, युवराज एडवर्ड यांचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तेथून हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ त्या परिसराचे नाव घोड्याचे राहिले आणि घोडा तेवढा नव्हता. अखेर २०१७ साली नवा घोडा बसविण्यात आला, तो स्वाराविना. ‘म्हणजे सातबाऱ्यावर नाव घोड्याचं, कब्जा मोटारींचा, आणि वारसनोंद झाली ती बी अर्धी!’ भाऊसाहेबांनी एका वाक्यात निकाल दिला. मी त्यात भर घातली की, घारापुरी बेटाला ज्या पाषाणगजावरून फिरंग्यांनी एलिफंटा हे नाव दिले, तो हत्तीही १८६४ मध्ये विलायतेस नेण्याच्या खटपटीत भंगला आणि आता सांधलेल्या स्थितीत त्याच राणीच्या बागेच्या आवारात उभा आहे. हत्ती आणि घोडा दोन्ही एका जागी पाहावयास मिळतात, हे ऐकून वहिनींनी तिकडे जाण्याची इच्छा दर्शविली. परंतु त्या दिवशी बुधवार होता आणि बुधवारी राणीची बाग बंद असते. मूळ जागी प्राणी नाहीत आणि प्राणी आहेत ती जागा बंद, या परिस्थितीत पैसेवारी काढण्याचे सूत्र महसूल नियमपुस्तिकेत नसल्याने तो रकाना कोरा ठेवण्यात आला.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी गाडी थांबविण्यास मनाई असल्यामुळे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांना जी वास्तू उभारण्यास दहा वर्षे लागली, ती आम्ही एका हिरव्या दिव्याच्या अवधीत आटोपली. घुमट खिडकीच्या चौकटीच्या वर राहिला. तो ‘मार्गदर्शकाच्या जबानीवरून’ अस्तित्वात असल्याचे नमूद झाले.

मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यानात, ज्याला सारे जग हँगिंग गार्डन म्हणते, पर्यटकांनी हिरव्या झुडपांच्या कातरलेल्या प्राण्यांसमवेत छायाचित्रे काढली, समोरच्या उद्यानातील म्हातारीच्या बुटात पोरे चढली-उतरली आणि पायाखाली काय आहे याची चौकशी एका अवर्षणग्रस्त तालुक्यातील माणसाखेरीज कोणीही केली नाही. पायाखाली जलाशय आहे. १८८१ सालापासून ही बाग त्याच्या पाठीवर नांदते आहे आणि दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाच्या नळांना जे पाणी येते ते याच टेकडीच्या पोटातून. टँकरच्या खेपांची नोंदवही ज्याने वर्षानुवर्षे सांभाळली, तो मनुष्य हे ऐकून त्या हिरवळीवर अगदी हलक्या पावलांनी चालू लागला. ‘झाकण दाखवा की,’ त्याने मार्गदर्शकास विनविले. झाकण दाखविण्याची तरतूद कार्यक्रमात नव्हती. फाटकाबाहेर येऊन आम्ही तिघांनी तीन बाटल्या पाणी विकत घेतले.

तेथून उतरताना अल्टामाउंट रोडवरील ‘अँटिलिया’ दूरवरून दाखविण्यात आली. सत्तावीस मजले, कुटुंब एक. गुंठ्यागुंठ्यासाठी सख्ख्या भावांची डोकी फुटलेली पाहिलेल्या भाऊसाहेबांनी, वाटण्या झाल्यावर जिना कोणाकडे जाणार, एवढेच विचारले.

हाजीअलीनंतर गाडी परळच्या अंगास वळली आणि मार्गदर्शकाने चित्रपटगीते लावून विश्रांती घेतली, कारण सिद्धिविनायक येईपर्यंत ‘पाहण्यासारखे’ काही नव्हते. वहिनी सकाळपासून प्रथमच खिडकीला नाक लावून बसल्या. त्यांचे वडील गिरणीत साच्यावर होते; पुढे १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यातून ट्रंक घेऊन जे माणास परतले ते परत आले नाहीत. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, असे मी म्हणताच भाऊसाहेब चमकले. ‘म्हणजे दप्तरी अजून चालूच?’ काचेच्या मनोऱ्यांच्या फटीतून एक धुराडे दिसले. वहिनींनी ते बोट करून दाखविले आणि वहीत लिहिण्यास सांगितले. भाऊसाहेबांनी पत्रक उलटून पाहिले. धुराडे यादीत नव्हते, सबब रकानाही नव्हता. या मुद्द्यावर पतिपत्नींत जे बोलणे झाले ते मी येथे देत नाही. सागरी सेतूच्या पथकर नाक्यापर्यंत ते पुरले.

सेतू ५.६ किलोमीटरचा. दिवसभर मुंगीच्या पावलाने सरकणारी आमची गाडी सर्वाधिक वेगाने जेथे धावली, ती जागा नेमकी हीच, जेथे समुद्र दोन्ही बाजूंस होता आणि थांबण्यास बंदी होती.

पुढे सिनेनटांच्या बंगल्यांपैकी वांद्र्यास ‘मन्नत’चे आणि जुहूस ‘जलसा’चे फाटक आम्ही यथासांग पाहिले. ‘घरमालक गैरहजर, पंचांसमक्ष फाटकाची पाहणी केली, फाटक सुस्थितीत,’ अशी नोंद झाली.

जुहूच्या वाळूत भेळ खाता खाता बेरीज करण्यात आली. नजरअंदाज पैसेवारी शेहेचाळीस निघाली. सबब मुंबई शहर दुष्काळी ठरते आणि शेतसाऱ्याच्या धर्तीवर तिकिटाच्या रकमेत सूट मिळणे क्रमप्राप्त आहे, असे भाऊसाहेबांनी मार्गदर्शकास सौम्य शब्दांत कळविले. तो बिचारा भेळेचा द्रोण ठेवून बाजूला गेला, मालकाशी फोनवर बराच वेळ बोलला आणि परत येऊन म्हणाला, ‘काका, वरून सांगितलंय, एवढं पन्नासच्या वर करून घ्या.’

वरून सांगितलंय, हे शब्द कानी पडताच चौतीस वर्षांची नोकरी जागी झाली. भाऊसाहेबांनी एक अक्षरही न बोलता लेखणी उघडली, अंतिम पैसेवारी एक्कावन्न लावली आणि वही आम्हा पंचांपुढे धरली. मार्गदर्शकाने सही केली, मीही केली. मजकूर वाचून पाहण्याची पंचांची पद्धत नाही. वहिनींनी मात्र वही हाती घेतली, धुराडे कुठे आहे ते दाखवा म्हणाल्या, आणि ते मिळेपर्यंत अंगठासुद्धा उठविणार नाही, असे सांगून भेळेचे पैसे देण्यास निघून गेल्या.