सर, हे लोक कामधंदा काय करायचे?

बी.ए.ला स्पेशल इंग्लिश का घेतलं, असं मुलांना विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : इंग्रजी बोलायला यावं म्हणून. उरलेल्यांपैकी कुणाला एमपीएससीवाल्या मामानं सल्ला दिलेला असतो, कुणाच्या वडिलांनी फॉर्मवर परस्पर खूण केलेली असते, आणि कुणाची भूगोलाची तुकडी भरलेली असते. साहित्य आवडतं म्हणून आलो, असं सांगणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. भेटलाच तर प्राचार्यांना सांगून शाल-श्रीफळाची व्यवस्था करीन.

ही मुलं मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एसटीनं, काळीपिवळीनं, एका मोटरसायकलवर तिघं बसून येतात. अपेक्षा साधी असते. कस्टमर केअरमधल्या बाईसारखं फाडफाड बोलता आलं की झालं. आणि आम्ही त्यांच्या हातात काय ठेवतो, तर चारशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाची चौदा ओळींची कविता. ती आज लंडनच्या रस्त्यावर म्हणून दाखवली तर तिथला माणूसही म्हणेल, जरा सावकाश.

पहिला धक्का उन्हाळ्याचा. शेक्सपियरची सुनीतं १६०९ मध्ये छापली गेली. त्यातलं अठरावं जगभरच्या अभ्यासक्रमांत आहे, तसं आमच्याही. कवी आपल्या आवडत्या व्यक्तीला उन्हाळ्यातल्या दिवसाची उपमा द्यावी का, असा विचार करतो. मी हे सांगितलं की वर्ग गप्प होतो. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं तोंडाला ओढणी लावून शेजारणीला विचारलं, "कोणत्या गुन्ह्यासाठी?" तिच्या गावात एप्रिलपासून टँकर चालू होतो, दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, आणि पत्र्याच्या घरात पंखा लावला तर तो गरम हवा वाटतो फक्त. अशा दिवसाची उपमा कुणी दिली तर तिच्या घरचे पोलीस पाटलाकडे जातील.

मग मी इंग्लंडचं हवामान समजावून सांगतो. तिथे पंचवीस अंश झाले की लोक सदरे काढून बागेत आडवे होतात. शिवाय त्या काळी तिथलं कॅलेंडर आजच्यापेक्षा दहा दिवस मागे चालायचं, त्यामुळे शेक्सपियरचा मे महिना आपल्या जूनच्या पहिल्या आठवड्याच्याही पुढे पोहोचतो. मुलं ऐकून घेतात. त्यांना पटत नाही, पण बिचाऱ्या त्या देशाची दया येते. ही कविता एका तरुणाला उद्देशून आहे, हे मी सप्टेंबरात सांगतो. सगळे धक्के एकाच महिन्यात देऊ नयेत.

दुसरा प्रकार वाचनाचा. मी कुणाला तरी उभं करतो आणि मोठ्यानं वाचायला सांगतो. मुलगा उठतो, पुस्तक दोन्ही हातांत धरतो, एक खोल श्वास घेतो आणि स्वल्पविराम, पूर्णविराम, कवी, भाव या सगळ्यांना चिरडत शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचतो. वर्ग टाळ्या वाजवतो. काय कळलं, असं विचारणं त्या क्षणी असभ्य वाटतं. पूर्वी याचं मला वाईट वाटायचं. मग एकदा मिल्टनबद्दल वाचलं आणि जीव भांड्यात पडला. मिल्टन आंधळा झाल्यावर त्यानं आपल्या दोन मुलींना हिब्रू, ग्रीक, लॅटिन वगैरे भाषांचे नुसते उच्चार शिकवले. अर्थ नाही, फक्त उच्चार. त्या बापासमोर बसून न कळणारी पानंच्या पानं वाचायच्या. हे त्याच्याच भाच्यानं लिहून ठेवलं आहे. म्हणजे आमच्या वर्गात जे चालतं ते अडाणीपण नव्हे, ती थेट मिल्टनच्या घरातली परंपरा आहे. हे मी मुलांना सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून विचारणा झाली : "त्या पोरींनी पुढं तक्रार केली का नाही सर?" केली. त्याच्या मृत्यूनंतर मृत्युपत्रावरून कोर्टात भांडण झालं. वर्गाला फार समाधान वाटलं. 'पॅराडाइज लॉस्ट'साठी १६६७ मध्ये प्रकाशकानं मिल्टनच्या हातावर पाच पौंड टेकवले, हे ऐकून ते समाधान पूर्ण झालं.

साधारण पोळ्याच्या आसपास तो प्रश्न येतो. दरवर्षी येतो. विचारणारा बदलतो, प्रश्न तोच. "सर, हे लोक कामधंदा काय करायचे?"

माझ्या मते इंग्रजी काव्यावर एवढा मुद्द्याचा प्रश्न कुठल्याही समीक्षकानं विचारलेला नाही. ज्याच्या घरी सोयाबीन फुलोऱ्यात आहे आणि जो फवारणी करून कॉलेजला आला आहे, त्याला एक धडधाकट माणूस दिवसभर तळ्याकाठी फिरतो, ढगांकडे बघतो आणि घरी येऊन त्यावर चोवीस ओळी लिहितो, हे पचत नाही. म्हणून मी काव्यातली सौंदर्यस्थळं बाजूला ठेवतो आणि सरळ सातबारा उघडतो.

कीट्स घ्या. तो औषधनिर्माता झाला होता. लंडनच्या गायज हॉस्पिटलात शिकला, १८१६ मध्ये परीक्षा पास झाला, परवाना मिळाला. हे सांगताच वर्गात हळहळ पसरते. आमच्याकडे प्रत्येक घरातला एक भाऊ डी.फार्म.ला असतो, नाहीतर त्याच्या प्रवेशासाठी घर पैसे जमवत असतं. परवाना हातात असताना या माणसानं चौकात मेडिकल टाकायचं सोडून कविता केल्या! "आणि सर, पुढं?" पुढं काय, क्षय झाला आणि १८२१ मध्ये रोममध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. त्याच्या वयाशी स्वतःचं वय पडताळून पाहिल्याचं दोन-तीन चेहऱ्यांवर दिसतं. पण एकजण तरी म्हणतोच : "दुकान टाकलं असतं तर निदान औषध घरचं मिळालं असतं."

शेलीच्या वाट्याला एवढीही सहानुभूती येत नाही. १८११ मध्ये नास्तिकतेवर पत्रक काढलं म्हणून ऑक्सफर्डनं काढून टाकलं, इथपर्यंत ठीक. पत्रकं काढून कॉलेजातून निघालेले आमच्याकडेही आहेत, त्यातले काही पुढे जिल्हा परिषदेवर गेले. पण तो १८२२ मध्ये इटलीच्या समुद्रात होडीसकट बुडाला आणि त्याला पोहता येत नव्हतं, हे कळलं की मुलांचा त्याच्यावरचा विश्वास उडतो. इथे पाचवी-सहावीतच पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलतात. पोहता न येणारा माणूस वादळी हवेत होडी घेऊन जातो आणि खिशात कीट्सच्या कवितांचं पुस्तक ठेवतो! "पुस्तकाऐवजी डबा घेतला असता," हा शेरा मी एका उत्तरपत्रिकेतही वाचला आहे.

डननं मात्र वर्ग जिंकला. त्याची एक कविता पिसवेवर आहे. पिसू दोघांनाही चावली, दोघांचं रक्त तिच्या पोटात एकत्र झालं, तर मग आपल्यात आता उरलं काय, असा त्याचा युक्तिवाद. निसर्गकविता चाचपडत वाचणारी मुलं ही कविता एका दमात समजून घेतात. ज्यानं शेळ्यांच्या गोठ्यात रात्र काढली आहे त्याला पिसवेचा परिचय करून द्यावा लागत नाही, आणि उरलेला अर्थ त्यांना माझ्याआधी कळतो. मुली खाली मान घालून हसतात. त्यातली एक, जिच्या तोंडून मी तोवर फक्त 'प्रेझेंट सर' ऐकलं होतं, म्हणाली, "एवढी वकिली येते तर घरी येऊन का विचारत नाही?" मी तिला सांगितलं की डन खरंच कायदा शिकत होता. १६०१ मध्ये त्यानं अ‍ॅन मोर नावाच्या मुलीशी तिच्या वडिलांना न सांगता लग्न केलं, वडिलांनी त्याला तुरुंगात टाकायला लावलं, नोकरीही गेली. "बघा," ती म्हणाली आणि खाली बसली. त्या दिवशी मला शिकवायला काही उरलं नाही.

वर्ड्सवर्थबद्दलचं मत मुद्रांकामुळे सुधारलं. १८१३ मध्ये त्याला सरकारी नेमणूक मिळाली, मुद्रांक वितरकाची. तहसीलसमोर लिंबाखाली लोखंडी पेटी घेऊन बसणारे स्टॅम्पव्हेंडर आमच्या मुलांना बालपणापासून माहीत आहेत. बाँड मिळवायला त्यांच्यापुढे किती वेळ उभं राहावं लागतं हेही. वर्ड्सवर्थ एकदम मोठा माणूस झाला. एकोणतीस वर्षांनी, १८४२ मध्ये, ती जागा त्यानं आपल्या मुलाला मिळवून दिली, असं मी सांगितलं, तेव्हा एका अनुभवी विद्यार्थ्यानं शंका काढली : "बाप जिवंत असताना अनुकंपा कशी बसली?" पुढच्याच वर्षी वर्ड्सवर्थ राजकवी झाला, हे मग कुणी ऐकलंच नाही. राजकवी कुणीही होतं, पोराला चिकटवणं अवघड.

पण त्याच्या डॅफोडिल्सनी खरा घोळ घातला. कवितेत तो एकटा भटकत असतो. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तलावाकाठी त्याच्यासोबत त्याची बहीण डोरोथी होती. तिनं त्या फुलांचं सगळं वर्णन रोजनिशीत लिहून ठेवलं : वारा कसा होता, काही फुलं दमून दगडांवर डोकं टेकल्यासारखी कशी दिसत होती, बाकीची कशी नाचत होती. वर्ड्सवर्थनं कविता लिहिली दोन वर्षांनी, छापली १८०७ मध्ये. त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन ओळी बायकोनं सुचवल्या, हेही त्यानं स्वतःच सांगून ठेवलं आहे. "वही बहिणीची, ओळी बायकोच्या," एका मुलीनं हिशेब मांडला, "मग ह्याचं काय?" तिचा भाऊ शेजारच्या वर्गात होता. बारावीत त्यानं तिची पर्यावरणाची प्रकल्पवही नाव खोडून जशीच्या तशी दिली होती आणि त्याला तिच्यापेक्षा दोन गुण जास्त पडले होते. खोडलेल्या नावावर पांढरी शाई लावली होती, तीही तिचीच. त्या तासापासून तिनं डोरोथीची बाजू घेतली ती आजतागायत. वाचनालयात इंग्रजी साहित्याचा एकच जाडजूड इतिहास आहे, वाळवी आणि मी सोडून त्याला कुणी हात लावत नव्हतं. आता तो कायम तिच्या नावावर असतो.

एवढं सगळं चालतं दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर बाजारात गाईड येतं. गाईडात कवी 'थोर निसर्गप्रेमी' असतो, कविता 'अत्यंत हृदयस्पर्शी' असते आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी तोच परिच्छेद असतो, नाव बदलून. पोहता न येणाऱ्या शेलीवर शेरा मारणारा मुलगा मार्चमध्ये त्याला 'क्रांतिकारी आशावादाचा उद्गाता' लिहितो. हे सगळं फार जुनं आहे. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ मध्ये, आणि ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र शाखा निघाली १८९४ मध्ये. तिकडच्या पोरांना परीक्षेत हा विषय पुरता भेटायच्या आधीच आपल्या पणजोबांनी शेक्सपियर पाठ करून टाकला होता. विंदा करंदीकर, भालचंद्र नेमाडे यांनी वर्षानुवर्षं पोटासाठी इंग्रजी शिकवलं आणि लिहिलं मराठीत. हे कळल्यावर मुलं माझ्याकडे जरा निरखून बघतात, हा काय लिहितो म्हणून.

डोरोथीवाल्या मुलीनं गाईड घेतलं नाही. विद्यापीठाच्या पेपरात वर्ड्सवर्थच्या निसर्गप्रेमावर दहा गुणांचा प्रश्न आला, आणि तिनं निसर्ग कुणी पाहिला, लिहून कुणी ठेवला आणि नाव कुणाचं लागलं, हे पुराव्यानिशी अडीच पानं लिहिलं. इंग्रजी तिचं स्वतःचं होतं, चुका धरून. फोटोकॉपी मागवली तेव्हा दिसलं, दहापैकी दोन, आणि डोरोथीच्या नावाभोवती लाल गोल काढून प्रश्नचिन्ह. मी म्हटलं, पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म भर. भरला. त्यात कारणाला रकाना नसतो, म्हणून तिनं समासात लिहिलं : डोरोथी वर्ड्सवर्थ यांच्यावर अन्याय झाला आहे.

खिडकीतल्या बाबूंनी चष्मा वर करून ते वाचलं आणि फॉर्म परत सरकवला. "दोघींचा एका फॉर्मवर चालत नाही. तिला स्वतः यायला सांग. आणि फी वेगळी पडेल."