लाईटच्या उलट काय?

चौथीतल्या नातीनं चाचणीचा पेपर माझ्यापुढे धरला. इंग्रजीचा प्रश्न होता, विरुद्धार्थी शब्द लिहा. ‘लाईट’समोर तिनं ‘हेवी’ लिहिलं होतं. त्यावर लाल फुली आणि शेजारी लाल शाईतच बरोबर उत्तर, ‘डार्क’. अर्धा गुण गेला होता. “आबाजी, काहून चूक दिलं जी?” असं तिनं विचारलं, तेव्हा मला तिची समजूत काढता आली नाही. कारण तिचं उत्तर बरोबर होतं. प्रश्नच अर्धवट होता.

उजेड म्हणजे लाईट आणि हलकं म्हणजेही लाईट. हा एकच शब्द दोन अर्थांचा आहे, असं आपण समजतो. खरं तर हे दोन वेगळ्या घरांतले दोन शब्द आहेत. शतकानुशतकं वापरात झिजून दोघांचा उच्चार एक झाला, स्पेलिंगही एक झालं. इंग्रजीची बहीण जर्मन, तिनं ते अजून वेगळे ठेवले आहेत. उजेडाला लिख्ट, हलक्याला लाइख्ट. त्यातल्या हलक्या लाईटचं आपल्या ‘लघु’शी दूरचं नातं आहे. त्याच ‘लघु’मधली अक्षरं उलटसुलट होत होत आपला ‘हलका’ तयार झाला. म्हणजे माझ्या नातीनं भाषेतलं एक जुनं नातं बरोबर ओळखलं आणि त्याबद्दल तिला फुली मिळाली.

आता शब्द यवतमाळ जिल्ह्यात आणा. इथं लाईट म्हणजे वीज. तीही आम्ही बहुतेक वेळा ‘लाईन’ म्हणतो. लाईन आली, लाईन गेली. या लाईटच्या उलट अंधार नाही, ‘गेली’ हाच तिचा विरुद्धार्थी शब्द. शेतकऱ्याच्या घरात तर त्याहून वेगळा अर्थ आहे. कृषिपंपाची थ्री फेज लाईन आळीपाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. हिवाळ्यात हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं आणि पाळी रातची असेल, तर लाईट येते ती अंधारातच. ती आली की माणूस ऊब सोडून बॅटरी घेऊन शेतात निघतो. पायाखाली साप असू शकतो. राळेगाव, पांढरकवडा भागात वाघाची भीती आहेच. 2018 साली बोराटीच्या जंगलात वाघीण मारली गेली, तोवर तिथल्या गावांनी संध्याकाळनंतर शेताकडं जाणं सोडलं होतं. तिथल्या पोराला लाईट आणि डार्क हे विरुद्धार्थी शब्द आहेत, असं कोणत्या तोंडानं शिकवायचं? त्याच्या बापाला दोन्ही एकदम भेटतात. दिवसा वीज ही मागणी जुनी आहे, रास्त आहे आणि ती पुरी व्हायलाच पाहिजे.

जमिनीचं घ्या. हलकी जमीन. तिच्या उलट जड नव्हे, ‘भारी’. जड जमीन असं आमच्याकडं कोणी म्हणत नाही. हलकी म्हणजे वीतभर माती, खाली मुरूम, पाणी धरत नाही. भारी म्हणजे खोल काळी, ओल धरणारी, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी. सोयरीक जुळवताना जमीन किती हे विचारतात, तसंच हलकी की भारी हेही विचारतात. पण पावसानं ही जोडी कितीदा फिरवली आहे! पावसानं ताण दिला की हलक्या रानातली कपाशी आधी माना टाकते. पाऊस लागून राहिला की भारी रानात पाणी साचतं, मुळं कुजतात, झाड पिवळं पडतं आणि शेजारचं हलकं रान तगून जातं. पेरणीचं अंतरही बदलतं. भारीत झाड पसरतं म्हणून तासातली जागा जास्त, हलक्यात कमी. शेतकऱ्याला ‘हलकी’चा विरुद्धार्थी शब्द माहीत असतो, त्याचबरोबर त्या विरोधाचा यंदा उपयोग काय हेही माहीत असतं. शाळेत एवढं खोल कोणी जात नाही.

पावसाचा विरुद्धार्थी शब्द तर मिलिमीटरमध्ये आहे. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर म्हणजे ‘लाईट’ पाऊस आणि 64.5 पासून पुढं ‘हेवी’. मध्ये सगळा मध्यम. महसूल खात्याच्या लेखी 65 मिलिमीटरला अतिवृष्टी. पाऊस पडतो शेतावर, मोजला जातो मंडळाच्या ठिकाणी. तिथं आकडा कमी भरला, तर नाल्याकाठचं खरडून गेलेलं रान दाखवत शेतकऱ्याला कचेरीच्या चकरा माराव्या लागतात. त्या कचेरीत कोणी ‘लाईट’च्या उलट ‘डार्क’ म्हणत नाही.

आणि कापूस. सकाळी दवात वेचलेला कापूस काट्यावर जड भरतो आणि भावाला हलका ठरतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर आठ टक्के ओलाव्यापर्यंत पुरा भाव, पुढं कपात, बारा टक्क्यांच्या वर गाडी परत. माझी नात दिवाळीच्या सुट्टीत वेचणीला शेतात असते. बोंडातला कापूस हातात हलका लागतो आणि गाठोडं डोक्यावर जड होतं, हे तिनं स्वतः अनुभवलं आहे. ‘हेवी’ तिला तिथून सुचलं.

महाराष्ट्रानं 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणलं. गावच्या पोरांनाही इंग्रजी यावं, ही इच्छा चांगली होती आणि मी आजही तिच्या बाजूनं आहे. पण इंग्रजी येणं म्हणजे शब्दांच्या जोड्या पाठ करणं नव्हे. ‘लाईट बॅग’, ‘लाईट रूम’, ‘लाईट कलर’ असे तीन तुकडे फळ्यावर लिहिले असते, तर त्याच पोरांनी प्रत्येकासमोर बरोबर शब्द लिहिला असता आणि एकही पाठ करावा लागला नसता. याला पैसा लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही. खडू तर वर्गात असतोच.

सर, मॅडम, पुढच्या चाचणीत शब्द एकटा देऊ नका, वाक्यात द्या. पोरानं वेगळं उत्तर लिहिलं तर फुली मारण्याआधी ‘काहून’ एवढं विचारा. आणि मागच्या पेपरातला तो अर्धा गुण तिला परत द्या.