आठ काड्यांची संपत्ती

तीन काड्या म्हणजे सुख, पाच म्हणजे आरोग्य आणि आठ म्हणजे पैसा, असा दर माझ्या नणंदेने आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी सांगितला आणि माझ्या हातात तीनच काड्या ठेवल्या. काचेचं भांडं, तळाशी पांढरे खडे, काड्यांना लाल फीत. घराचे हप्ते वीस वर्षांचे, त्यामुळे निव्वळ सुखावर भागण्यासारखं नव्हतं. नर्सरीत जाऊन आठ काड्यांच्या लकी बांबूची किंमत विचारली आणि तशीच घरी येऊन कात्री शोधायला लागले.

माझं माहेर सिंधुदुर्गातलं. आमच्या बांधावर माणग्याची बेटं आहेत. त्यामुळे नवऱ्याने जेव्हा "आधी जरा माहिती काढ" असं सुचवलं, तेव्हा मी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. त्याच्या माहेरी, म्हणजे सदाशिव पेठेत, कुंडीत कोरफड होती. आमच्याकडे बांबू आजोबांपासून. ऑफिसातही मी "घरी बांबू लावतेय" असं सांगून टाकलं. त्यावर पोरांनी केलेला विनोद तुम्हाला सुचला असेलच, इथे लिहीत नाही.

कापून झाल्यावर कौतुकाने आईला व्हिडिओ कॉल केला. तिने चष्मा लावला, मोबाइल जवळ घेतला, लांब धरला.

"हो बांबू न्हय गो बाये," ती म्हणाली. "पान बघ ह्येचां."

आईचं खरं होतं. हा ड्रॅसिना. आफ्रिकेतल्या कॅमेरूनकडचा, शतावरीच्या कुळातला. इंग्लंडमध्ये ऑर्किडचा मोठा व्यापार करणाऱ्या सँडर नावाच्या माणसाचं नाव त्याला शास्त्रज्ञांनी दिलंय. आपल्याकडे 2017 साली वन कायद्यात दुरुस्ती करून बांबूला झाडांच्या व्याख्येतून वगळलं, कारण तो मुळात गवत. हा तर गवतातही बसत नाही. म्हणजे माहेरच्या बांधावरून मिळवलेलं माझं सगळं ज्ञान त्या क्षणी रद्द झालं. पण काड्या कापून झाल्या होत्या.

बरं, कापणं एवढं अवघड नसतं. गाठीच्या जरा खाली तिरका काप द्यायचा, खालची पानं काढायची, गाठ पाण्यात बुडेल इतकं पाणी ठेवायचं, कारण मुळं गाठीतून फुटतात. महिनाभर धीर धरायचा. मी मात्र काटकसरीच्या नादात शेंड्यांवर न थांबता उरलेल्या दांड्यांचेही तुकडे पाडले, सगळी पानं सोलली आणि ते ओट्यावर ओळीने मांडून ठेवले. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. परत आले तेव्हा कुठला तुकडा कुठल्या बाजूने वर होता, हे देवालाच ठाऊक.

दोन्ही टोकं सारखीच दिसत होती. नर्सरीतल्या काड्यांच्या टोकाला मेण लावलेलं मी पाहिलं होतं. कापलेला वरचा भाग सुकू नये म्हणून ते लावतात. मग दिवाळीतली उरलेली मेणबत्ती पेटवून मीही प्रत्येक तुकड्याच्या एका टोकावर मेण ओतलं आणि दुसरं टोक पाण्यात ठेवलं. यातल्या निम्म्या काड्या शीर्षासनात होत्या. म्हणजे ज्या टोकातून मुळं यायची ते हवेत, वर मेणाने बंद. आपण काडी उलटी केली म्हणून तिचं खाली-वर बदलत नाही. नीट पाहिलं असतं तर प्रत्येक गाठीवर पान गळाल्याची एक कडी दिसली असती आणि डोळा असतो तो त्या कडीच्या वर. नर्सरीतल्या माळीदादांनी हे मला एका वाक्यात सांगितलं. पण मी त्यांना विचारायला गेले ते सगळं झाल्यावर.

सुलट्या काड्यांनी मात्र माणुसकी दाखवली. त्यांना मुळं फुटली, पण ती लालसर केशरी! मनीप्लांटची पांढरी मुळं बघायची सवय, मला वाटलं काड्या सडल्या. मी ती मुळं नखाने खुडली, काड्या हळदीच्या पाण्याने धुतल्या आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचं नवऱ्याला सांगितलं. लकी बांबूची निरोगी मुळं लालसर केशरीच असतात. सडलेली असतात ती काळी आणि बुळबुळीत. ही बुळबुळीत मुळंही नंतर आमच्याकडे यथावकाश आली, कारण अशक्त झालेल्या काड्यांना मी तांदळाचं धुवण पाजायला लागले होते. त्या वासाबद्दल लिहीत नाही. शेजारच्या काकूंनी "काही मेलंय का हो?" असं विचारलं, एवढं पुरे.

मग मात्र मी शहाणी झाले. स्वच्छ पाणी भरलं आणि ठरवलं, आता हात लावायचा नाही. पाणी सारखं बदललं की कोवळी मुळं दुखावतात, असा मी स्वतःच एक सिद्धांत काढला होता. लोणच्याच्या, सॉसच्या, कफ सिरपच्या बाटल्या खिडकीत शिस्तीत उभ्या राहिल्या. पावसाळा सुरू झाला.

आणि पालिकेचे लोक आले. दरवर्षी येतात. पाण्याचे ड्रम, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे असं बघतात. आलेल्या दादांनी खिडकीतल्या बाटल्या पाहिल्या आणि बॅटरी काढली.

"ताई, हे काय करताय?"

"लकी बांबू वाढवतेय."

त्यांनी उजेड बाटलीत टाकला. पाण्याच्या पृष्ठभागाला लोंबकळणाऱ्या बारीक अळ्या वळवळत तळाकडे पळाल्या.

"वाढलंय की," दादा म्हणाले.

डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. दादांनी सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या, हातात कागद दिला आणि खाली जाऊन सेक्रेटरींनाही सांगितलं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर "काही सभासद घरात डासांची पैदास करत असल्याचे निदर्शनास आले आहे" असा मेसेज पडला. नाव नव्हतं, पण मजला होता.

नवऱ्याने आता मात्र माहिती काढली. 2001 साली चीनहून लॉस एंजेलिसला जहाजाने आलेल्या लकी बांबूच्या पाण्यातून एशियन टायगर नावाचा डास कॅलिफोर्नियात पोचला होता, असं त्याने जेवताना मोठ्याने सांगितलं. मी त्याला आमटी वाढली. म्हणजे अमेरिकेला जे जमलं नाही ते मला जमावं, अशी अपेक्षाच चुकीची होती.

शेवटचा हिशेब असा. उलट्या काड्या गेल्या, धुवणवाल्या गेल्या. वाचलेल्या काड्यांना पुन्हा मुळं आली आणि मूळ भांड्यात राहिलेल्या एका खुंटाला बाजूने कोंब फुटला. सगळे मिळून चार. आनंदाने नणंदेला फोन केला तर ती किंचाळलीच. चार हा आकडा चिनी लोक फार अशुभ मानतात म्हणे, चार काड्या कुणी कुणाला देत नाही, घरातही ठेवत नाही.

तेव्हा डोंबिवली परिसरातल्या वाचकांना विनंती आहे, कुणीतरी एक काडी घेऊन जावी. पैसे नकोत. वरच्या टोकाला दोरा बांधून देईन, तो भाग वरच ठेवा. ऊन थेट लागू देऊ नका, नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच घाला. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर मात्र येऊ नका, ही पानं त्यांना बाधतात. बाटली आपापली आणावी आणि पाणी दर रविवारी न चुकता बदलावं.